करंडकांची माती : ल्यूनेबुर्गच्या माळावरील एका व्यवसायाचा इतिहास

उत्तर जर्मनीतील हांबुर्ग आणि हानोफर या शहरांच्या दरम्यान पसरलेला ल्यूनेबुर्गचा माळ शेतीच्या दृष्टीने निकसच; रेताड जमीन, जांभळ्या फुलांची खुरटी झुडपे आणि त्यांवर चरणारे मेंढ्यांचे कळप हीच त्याची शतकानुशतकांची ओळख होती. या माळाच्या पोटात मात्र, काही ठिकाणी २८ मीटरपर्यंत जाडीच्या थरांत, पिठासारखी मऊ आणि वजनाला हलकी अशी एक माती दडलेली होती. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तिच्या उत्खननाचा जो व्यवसाय येथे उभा राहिला, त्यातूनच पहिल्या महायुद्धापर्यंत जगभरातील या मातीचे जवळजवळ सारे उत्पादन होत असे. जर्मन भाषेत तिला ‘कीझेलगूर’ म्हणतात. त्यातील ‘कीझेल’ म्हणजे गारगोटी. ही माती खडकाची झीज होऊन तयार झालेली नसून, डोळ्यांना न दिसणाऱ्या सजीवांच्या कवचांचा तो संचय आहे.

हे सजीव म्हणजे डायाटम. ज्यांच्या पेशीत स्पष्ट केंद्रक असते, पण ज्यांना प्राणी, वनस्पती किंवा कवक यांपैकी कोणत्याही गटात बसवता येत नाही, अशा बहुतांशी एकपेशीय जीवांना ‘प्रोटिस्ट’ असे म्हणतात आणि डायाटम हा त्यांतील एक अतिशय विपुल गट आहे. मराठीत डायाटमांना ‘करंडक वनस्पती’ असे अन्वर्थक नाव मिळाले आहे, कारण त्यांचे सिलिकेचे, म्हणजे काचेच्याच मूलद्रव्यांचे, कवच कुंकवाच्या करंड्यासारखे दोन भागांचे असून झाकणाची कड तळभागावर चपखल बसते. पेशीचे विभाजन होताना प्रत्येक कन्यापेशीच्या वाट्याला कवचाचा एकेक भाग येतो, तिच्याकडे तो झाकण म्हणून राहतो आणि तळभाग ती नव्याने घडवते. त्यामुळे बहुतेक जातींत पिढ्यांमागून पिढ्या सरासरी आकार लहान होत जातो आणि लैंगिक प्रजननानंतरच तो पुन्हा पूर्ववत होतो. कवचाच्या भिंतीवर अतिसूक्ष्म छिद्रांची नक्षी असते आणि ती प्रत्येक जातीत निराळी असल्यामुळे जातीची ओळखही बहुतांशी तिच्यावरूनच पटते. पेशी मरते, तिचे मऊ द्रव्य कुजून जाते, पण कवच तळाशी बसून राहते. दोन हिमयुगांमधील उबदार काळात या माळावर जी गोड्या पाण्याची सरोवरे होती, त्यांच्या तळाशी हजारो वर्षे अशी कवचे साठत गेली आणि काही ठिकाणी तर दरवर्षीचा थर आजही वेगळा मोजता येतो.

१८३६-३७ च्या सुमारास पेटर कास्टेन या गृहस्थाला माळावरील हाउसेलबेर्ग टेकडीच्या उत्तर उतारावर विहीर खणताना ही माती आढळली. योगायोगाने त्याच काळात बर्लिनमध्ये क्रिस्टियान एरेनबेर्ग हा निसर्गवैज्ञानिक अशाच मातीकडे सूक्ष्मदर्शकातून पाहत होता. चिनी मातीच्या भांड्यांचा कारखानदार क्रिस्टियान फिशर याने १८३६ मध्ये बोहेमियातील नमुने एरेनबेर्गकडे पाठवले होते आणि त्यांत एरेनबेर्गला सूक्ष्म जीवांची कवचे दिसली. बोहेमियातीलच बिलिन येथील दगडाच्या एका घनइंचात सुमारे ४,१०० कोटी कवचे असावीत, असा हिशेब त्याने मांडला. या जीवांना मोठ्या प्राण्यांप्रमाणेच पूर्ण इंद्रिये आणि अनेक जठरे असतात, हे त्याचे मत मात्र टिकले नाही. फेलिक्स द्युजार्दँ या फ्रेंच जीववैज्ञानिकाने त्यास विरोध केला आणि पुढे १८६६ मध्ये एर्न्स्ट हेकेल या जर्मन जीववैज्ञानिकाने अशा जीवांसाठी ‘प्रोटिस्टा’ ही स्वतंत्र सृष्टी कल्पिली.

माळावरील नॉयओहे येथे १८६३ पासून उत्खनन सुरू झाले आणि लवकरच या मातीला अनपेक्षित गिऱ्हाईक मिळाले. नायट्रोग्लिसरीन हे द्रवरूप स्फोटक अत्यंत प्रभावी होते, पण किरकोळ धक्क्यानेही ते उडत असे. १८६४ मध्ये स्टॉकहोम येथील स्फोटात आल्फ्रेड नोबेलचा धाकटा भाऊ एमिल मरण पावला आणि १८६६ मध्ये हांबुर्गजवळील क्र्युमेल येथील नोबेलचा कारखानाही उद्ध्वस्त झाला. त्यानंतर एल्ब नदीतील तराफ्यावर प्रयोग करत असताना त्याला आढळले की, ही माती आपल्या वजनाच्या सुमारे तिप्पट नायट्रोग्लिसरीन शोषून घेते आणि त्या मिश्रणाच्या निर्धोकपणे हाताळता येतील अशा कांड्या वळता येतात. १८६७ मध्ये त्याने ‘डायनामाइट’चे एकस्व घेतले. मुंबई-पुणे लोहमार्गाचा बोरघाट १८६३ मध्ये खुला झाला होता, म्हणजे तेथील कातळ फोडणाऱ्या मजुरांना काळ्या दारूवरच भागवावे लागले. त्यानंतरच्या पिढीने बोगदे आणि खाणी खोदताना डायनामाइट वापरले. काचेची सच्छिद्र कवचे घडवणाऱ्या जीवाविना हे पहिले डायनामाइट बनले नसते.

याच सच्छिद्रतेचा दुसरा उपयोग जीव वाचवण्यासाठी झाला. विल्हेल्म बेर्केफेल्ड याने १८९१ मध्ये ही माती भाजून पोकळ नळ्या बनवल्या आणि त्यांतून पाणी गाळण्याची युक्ती काढली. पाण्याच्या गाळणीतील जी ‘कँडल’ मराठी घरांना परिचित आहे, ती याच घराण्यातली. पुढच्याच वर्षी हांबुर्गमध्ये पटकीची भीषण साथ आली आणि या गाळण्यांची उपयुक्तता लोकांच्या नजरेस आली. १८९८ मध्ये लोफ्लर आणि फ्रोश या जर्मन संशोधकांनी गुरांच्या लाळ्या-खुरकूत रोगाचा द्राव अशाच गाळणीतून गाळला, तरीही तो संसर्गकारकच राहिला, आणि जीवाणूंहूनही सूक्ष्म असे रोगकारक प्राण्यांत असतात, हे त्यावरून सिद्ध झाले. एका सूक्ष्मजीवाच्या कवचांनी प्राण्यांतील विषाणूंच्या शोधाचा मार्ग मोकळा केला.

पुढे नोबेलनेच मातीशिवाय बनणारी अधिक प्रभावी स्फोटके शोधली, अमेरिकेत विस्तीर्ण साठे खुले झाले आणि माळाची मक्तेदारी संपली. मद्य गाळण्यासाठी आणि उष्णतारोधक म्हणून मागणी टिकली, तरी १९९४ मध्ये नॉयओहे येथील उत्खनन कायमचे थांबले. माती भाजताना सिलिकेचे जे स्फटिकरूप होते, त्याची धूळ श्वासावाटे आत गेल्यास फुप्फुसे निकामी होतात, ही या व्यवसायाची काळी बाजूही विसरता येत नाही.

व्यवसायाने मृत कवचांना भाव दिला. जिवंत डायाटमांचे मोल मात्र त्याहून कितीतरी मोठे आहे. पृथ्वीवर प्रकाशसंश्लेषणाने जे अन्न तयार होते, त्याचा सुमारे पाचवा हिस्सा ते निर्माण करतात. त्यांचे हरितलवक फार पूर्वी गिळलेल्या तांबड्या शैवालापासून आलेले आहे. त्यांचे नाते अमीबाशी दूरचे, तर तपकिरी समुद्रशैवालाशी आणि बटाट्यावरील करपा पाडणाऱ्या जीवाशी जवळचे आहे. ‘प्रोटिस्ट’ हे एका कुळाचे नाव नसून अनेक प्राचीन कुळांना एकत्र बांधणारी ती सोयीची गाठ आहे, हे यावरून ध्यानात येते. महाराष्ट्रातील पाण्यातही ही विविधता आहे आणि तिची नोंद फार थोड्यांनी घेतली; एच. पी. गांधी यांनी १९५० च्या दशकात कोल्हापूर परिसरातील गोड्या पाण्याच्या डायाटमांचे वर्णन प्रसिद्ध केले, ते त्यांतील मोलाचे काम होय. ल्यूनेबुर्गची सरोवरे आटून गेली, म्हणून त्यांतील जीव केवळ कवचरूपाने उरले. इथली तळी आणि ओढे अद्याप वाहते-भरते आहेत, तोवरच त्यांतील करंडकांची मोजदाद व्हायला हवी.