हिरव्या रेषेचं कूळ

दिवाळीच्या सुमारास, रात्री नऊच्या आसपास, पेडण्यातल्या हरमलच्या किनाऱ्यावर दक्षिणेकडे तोंड करून उभं राहावं. मोपाच्या सड्यावरचा विमानतळ डाव्या खांद्यामागे राहतो. समोर फोमलहॉत हा एकुलता एक ठळक तारा दिसतो. त्याच्या सरळ खाली, हात लांब करून धरलेल्या मुठीपेक्षा थोड्या अधिक अंतरावर, बक तारकासमूहात एनजीसी ७५८२ ही दीर्घिका आहे. क्षितिजापासून तिची उंची बत्तीस अंश. डिचोलीच्या सड्यावरूनही ती जवळजवळ तेवढीच वर येते. विलायतेतून ती कधीच दिसत नाही. आठ इंची दुर्बिणीत एक फिकट, लांबट डाग दिसतो. अंतर सुमारे सात कोटी प्रकाशवर्षं.

ही सर्पिल दीर्घिका आहे आणि तिच्या मध्यातून ताऱ्यांचा आडवा दांडा जातो. शेजारी ७५५२, ७५९० आणि ७५९९ या आणखी तीन आहेत. चौघींची एकमेकींवर ओढाताण चालू आहे आणि ७५८२ मधून बाहेर ओढला गेलेला हायड्रोजन वायू रेडिओ दुर्बिणींना दिसतो. तिचा गाभा सक्रिय आहे, म्हणजे मध्यावरचं कृष्णविवर वायू गिळत आहे. जेम्स डनलॉपने ऑस्ट्रेलियातून १८२६ मध्ये तिची नोंद केली तेव्हा यातलं काहीच माहीत नव्हतं.

गाभा सक्रिय आहे हे ओळखण्याची जी सगळ्यात सोपी खूण खगोलशास्त्रज्ञ वापरतात, ती वर्णपटातली एक हिरवी रेषा आहे. तरंगलांबी ५००७ अँगस्ट्रॉम. हिचं मूळ शोधताना मी १८९१ च्या पुण्यात जाऊन पोचलो, आणि तेव्हापासून सक्रिय दीर्घिकांची रूढ कुळकथा मला अपुरी वाटते.

रूढ कथा थोडक्यात अशी. विल्यम हगिन्सने १८६४ मध्ये एका तेजोमेघाच्या वर्णपटात ही रेषा पाहिली. एडवर्ड फॅथला १९०८ मध्ये लिक वेधशाळेत ती एनजीसी १०६८ या सर्पिल ‘तेजोमेघा’त सापडली. कार्ल सायफर्टने १९४३ मध्ये अशा दीर्घिकांचा एक गट वेगळा काढला आणि गटाला त्याचं नाव मिळालं. १८६४ नंतर एकदम १९०८. मधल्या काळात या रेषेचं मूळच वादात सापडलं होतं, त्याबद्दल ही कथा गप्प असते.

वाद उभा केला नॉर्मन लॉकियर यांनी. तेजोमेघ म्हणजे एकमेकींवर आपटणाऱ्या उल्कांचे थवे, असं त्यांचं मत होतं. उल्कांत मॅग्नेशियम असतं, आणि जळत्या मॅग्नेशियमच्या वर्णपटात याच जागेजवळ एक हिरवा पट्टा येतो. तेव्हा तेजोमेघातली रेषा ही त्या पट्ट्याचाच उरलेला भाग आहे, असं ते सांगत. हे खरं ठरलं असतं तर ही रेषा उल्कांच्या टकरीची खूण होऊन बसली असती.

निवाडा दोन बाजूंनी होणार होता. पहिली बाजू रेषेच्या जागेची. जेम्स कीलरने लिकच्या ३६ इंची दुर्बिणीने ती इतकी काटेकोर मोजली की मॅग्नेशियमची जागा वेगळी आहे हे स्पष्ट झालं. दुसरी बाजू रेषेच्या आकाराची. मॅग्नेशियमचा पट्टा आपल्या सड्यासारखा असतो, एका अंगाला तुटलेला कडा आणि दुसऱ्या अंगाला हळूहळू उतरत गेलेली बाजू. तेजोमेघातली रेषा त्याचा अवशेष असेल तर तिची एक कड पुसट दिसायला हवी.

ती कड पुण्यात तपासली गेली. कावसजी दादाभाई नायगामवाला तिथल्या सायन्स कॉलेजात शिकवत. भावनगरचे महाराज तख्तसिंहजी यांच्या देणगीतून उभी राहिलेली, त्यांचंच नाव असलेली वेधशाळा १८८८ मध्ये सुरू झाली होती. तिथली ग्रब कंपनीची २० इंची परावर्ती दुर्बीण त्या काळी देशातली सर्वांत मोठी होती. मृगातला मोठा तेजोमेघ पुण्याच्या आकाशात चांगला उंच येतो. नायगामवालांनी त्याच्या वर्णपटातली ही रेषा वारंवार पाहिली आणि १८९१ मध्ये निष्कर्ष छापला: रेषा बारीक आहे, दोन्ही कडांनी रेखीव आहे, पट्ट्याचा मागमूस नाही. लॉकियर हे वर्णपटशास्त्रातलं केवढं मोठं नाव होतं हे लक्षात घेतलं की पुण्याच्या प्राध्यापकाचं हे सरळ विधान किती धिटाईचं होतं ते कळतं.

कीलरच्या मोजमापापुढे पुण्याचा पुरावा दुय्यम आहे, असं कुणी म्हणेल. रेषेची जागा मोजण्यात कीलर श्रेष्ठ होता, हे निर्विवाद. पण जागा थोडी सरकलेली आहे एवढ्यावर लॉकियर यांचा पक्ष संपत नव्हता. तेजोमेघ स्वतः पृथ्वीच्या दिशेने किंवा पृथ्वीपासून दूर सरकत असेल तर रेषाही सरकते, अशी पळवाट शोधता येत होती. आकाराला तशी पळवाट नाही. दोन्ही कडा रेखीव असलेली रेषा कितीही सरकली तरी पट्टा होत नाही. म्हणून माझ्या मते निवाडा दोघांचा मिळून आहे आणि सक्रिय दीर्घिकांच्या वंशावळीत पुण्याला स्वतंत्र खण द्यायला हवा.

इथे लॉकियर यांच्यामुळे आपल्या किनाऱ्याचा संबंध येतो. पेडण्याहून उत्तरेला वेंगुर्ला, मालवण, देवगड ओलांडलं की विजयदुर्ग. किल्ल्यावर ‘साहेबांचे ओटे’ दाखवतात आणि १८ ऑगस्टला हेलियम दिन साजरा होतो. १८६८ च्या त्या दिवशी लॉकियर यांनी खग्रास सूर्यग्रहणात इथूनच हेलियम शोधला, अशी समजूत आहे. तारखा जुळत नाहीत. त्या ग्रहणाच्या वेळी लॉकियर इंग्लंडमध्ये होते. ग्रहण गुंटूरहून पाहिलं यान्सेन यांनी आणि मछलीपट्टणहून पॉगसन यांनी. लॉकियर यांना सूर्याच्या कडेवरच्या ज्वाळांची पिवळी रेषा ऑक्टोबरात, ग्रहण नसताना, इंग्लंडमध्येच दिसली. ते विजयदुर्गला आले ते २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणासाठी, मेल्पोमिनी या युद्धनौकेच्या मदतीने. तोवर रॅमझी यांनी १८९५ मध्ये हेलियम पृथ्वीवरच्या खनिजातून काढूनही दाखवला होता. १८९८ च्या त्याच ग्रहणासाठी नायगामवाला आपली तुकडी घेऊन जेऊरला गेले होते.

हेलियम हातून गेला तरी विजयदुर्गाचं महत्त्व कमी होत नाही. १८९८ च्या ग्रहणातल्या छायाचित्रांवरून सूर्याच्या प्रभामंडळातल्या हिरव्या रेषेची चुकीची मानलेली जागा दुरुस्त होऊन ५३०३ अँगस्ट्रॉमवर आली. विजयदुर्गाने मिरवायची तर ही रेषा मिरवावी. ओट्यावर तिचा आकडा कोरलेला पाहायला मला फार आवडेल.

हेलियमच्या यशाने एक चुकीचा धडाही मागे ठेवला. अनोळखी पिवळी रेषा म्हणजे अनोळखी मूलद्रव्य, हे खरं निघालं होतं. मग तेजोमेघातल्या हिरव्या रेषेसाठी कल्पिलेलं ‘नेब्युलियम’ आणि प्रभामंडळातल्या रेषेसाठी कल्पिलेलं ‘कोरोनियम’ ही मूलद्रव्यंही तशीच खरी निघतील असं वाटू लागलं. १९१३ मध्ये मोझली यांनी अणुक्रमांकांचा हिशेब लावला आणि आवर्तसारणीत या दोघांना जागाच उरली नाही.

कोडं सोडवलं आयरा बोवेन यांनी, १९२७ मध्ये. नेब्युलियम म्हणजे दोन इलेक्ट्रॉन गमावलेला साधा ऑक्सिजन. उत्तेजित झाल्यावर हा हिरवा प्रकाश सोडायला त्याला सरासरी अर्ध्या मिनिटाहून थोडा जास्त वेळ लागतो. प्रयोगशाळेतल्या वायूत तेवढ्यात असंख्य टकरा होतात आणि ऊर्जा भलतीकडे जाते. अवकाशातला वायू इतका विरळ असतो की अणूला ती सवड मिळते. कोरोनियम तेरा इलेक्ट्रॉन गमावलेलं लोखंड निघालं.

दोन इलेक्ट्रॉन गमावलेल्या ऑक्सिजनची असल्यामुळेच ही रेषा कृष्णविवराची खूण झाली. ऑक्सिजनचा दुसरा इलेक्ट्रॉन सोडवायला ३५ इलेक्ट्रॉन-व्होल्ट लागतात. सामान्य तरुण ताऱ्यांचा प्रकाश तेवढं काम मोठ्या प्रमाणावर करू शकत नाही. कृष्णविवराभोवती तापलेल्या वायूचा अतिनील प्रकाश सहज करतो. शेजारच्या हायड्रोजन रेषेच्या तिपटीहून हिरवी रेषा तेजस्वी दिसली की गाभ्यावर संशय घ्यायचा, ही कसोटी आजही चालते. फॅथला एनजीसी १०६८ मध्ये दिसलेला प्रकार तोच होता.

७५८२ मध्ये या हिरव्या प्रकाशाचा गाभ्यातून बाहेर फाकलेला शंकूच दिसतो. मध्यावरचं कृष्णविवर सूर्याच्या सुमारे साडेपाच कोटी पट वस्तुमानाचं आहे. त्याला खाद्य कोण पुरवतं, दांडा की शेजारणी, यावर मतभेद आहेत. दांडा असूनही गाभे शांत असलेल्या दीर्घिका पुष्कळ आहेत. नुसत्या दांड्याने भागत नाही. मला वाटतं, शेजारणींच्या ओढीने वायू विस्कटतो, दांडा त्याला आत लोटतो, आणि गाभ्याजवळ तारे जन्मायला वायू लागतो तो वजा जाऊन उरलेला कृष्णविवराच्या वाट्याला येतो.

जुलै १९९८ मध्ये या दीर्घिकेने तज्ज्ञांनाही चकवलं. धुळीआड झाकलेला गाभा म्हणून ती वर्गवारीत पक्की बसली होती, आणि अचानक तिच्या वर्णपटात हायड्रोजनची अतिशय रुंद रेषा उमटली, सेकंदाला बारा हजार किलोमीटर रुंदीची. कृष्णविवराने तारा गिळला, धुळीत फट पडली, की गाभ्याजवळ तारा फुटला, असे तीन तर्क मांडले गेले. मला धुळीतली फट पटते, कारण या गाभ्यापुढचा पडदा दाट-विरळ होत असल्याचं क्ष-किरणांतही दिसतं. हिरवी रेषा मात्र दोन्ही अवस्थांत बारीकच राहिली. तिचा प्रकाश गाभ्यापासून शेकडो ते हजारो प्रकाशवर्षं दूर पसरलेल्या वायूतून येतो. कृष्णविवराजवळची अल्पकाळाची खळबळ तिथवर पोचायला शतकं लागतात.