ठाण्याच्या खाडीतील रोहित सफारी

रोहित पक्ष्यांचे थवे पाहण्यासाठी केनियातील नाकुरू सरोवर गाठण्याची ठाणेकरांना गरज नाही. वन विभागाच्या ऐरोली येथील किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातून मार्गदर्शकासह बोटफेरी निघते. तिची वेळ घड्याळापेक्षा भरती-ओहोटीवर ठरते. तंबूतील मुक्काम येथे नाही, दुर्बीण मात्र हवीच. हिवाळ्यापासून पावसाळ्याच्या तोंडापर्यंत लहान आणि मोठा अशा दोन्ही जातींचे रोहित ओहोटीत उघड्या पडणाऱ्या चिखलात शेवाळ व सूक्ष्मजीव टिपताना दिसतात.

खाडीचे सुमारे १,६९० हेक्टर क्षेत्र २०१५ मध्ये अभयारण्य झाले. २०२२ मध्ये ठाणे खाडीचा रामसर यादीत समावेश झाला. बाळकुमची खारफुटी मात्र अभयारण्याच्या उत्तरेस, हद्दीबाहेर राहिली. बाळकुम-गायमुख किनारी मार्ग आखला गेला आहे तो याच खाडीकाठाने.