कला-शाळा आणि कॅमेरा : बारडोलीच्या आसपासची एक गोष्ट

बारडोलीच्या इतिहासावर काही लिहायचे म्हटले की १९२८ चा सत्याग्रह आपोआप पुढे येतो. शेतसाऱ्यात २२ टक्क्यांची वाढ, वल्लभभाईंचे नेतृत्व, जप्त्या, आणि शेवटी चौकशी समितीने ठरवलेली सहा टक्क्यांच्या आसपासची वाढ, हे सगळे आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. त्या दिवसांचे फोटोही आपण पाहिलेले असतात. फोटोखाली सरदारांचे नाव असते, गांधीजींचे असते, सभेच्या गावाचे असते. फोटो काढणाऱ्याचे नाव मात्र सहसा नसते. हा माणूस कोण, तो कॅमेरा कुठे शिकला, त्याला कोणी शिकवले, हा प्रश्न मला बरीच वर्षे सतावतो आहे. मी चित्रकला शिकवत आलो, त्यामुळे दुसरा एक प्रश्नही सारखा कानावर येतो. मुलाला फोटोग्राफीची आवड आहे, तर त्याला आर्ट कॉलेजला घालावे का? पालक विचारतात तेव्हा त्यांच्या मनात खरी शंका वेगळीच असते : हे शिक्षण आहे की दुकानदारी?

ही शंका आजची नाही. तिचे उत्तर शोधताना मला आपल्या परिसराशी नाते असलेल्या दोन माणसांचे शिक्षण तपासावेसे वाटले. एक दादासाहेब फाळके, दुसऱ्या होमाई व्यारावाला.

आधी भूगोल सांगतो, कारण त्याशिवाय पुढचे कळणार नाही. बारडोली तालुका इंग्रजी मुलखात, सुरत जिल्ह्यात. पण पलसाणा, कामरेज, महुवा, व्यारा, सोनगड ही सगळी गायकवाडी, म्हणजे बडोदे संस्थानच्या नवसारी प्रांतातली. शिवेपलीकडच्या शेतकऱ्याचा राजा मराठी बोलणारा आणि आपला कलेक्टर इंग्रज. शिक्षणाच्या बाबतीत या शिवेचा फरक फार मोठा होता. सुरतेकडचा मुलगा मुंबईकडे बघायचा. गायकवाडीतल्या मुलाला बडोदेही होते.

मुंबईत काय होते? फोटोग्राफिक सोसायटी १८५४ साली निघाली. त्यानंतर लगेच, १८५५ च्या सुमारास, एल्फिन्स्टन संस्थेत छायाचित्रणाचा वर्ग चालला. हरिश्चंद्र चिंतामण तिथे शिकले आणि पुढे मुंबईतले नामांकित व्यावसायिक छायाचित्रकार झाले. आता गंमत बघा. जे. जे. स्कूल ऑफ आर्ट सुरू झाले १८५७ मध्ये. म्हणजे मुंबईत फोटोचा वर्ग आधी आला, कलाशाळा नंतर. आणि तो वर्ग भरला तो विज्ञान आणि साहित्य शिकवणाऱ्या संस्थेत. कॅमेरा म्हणजे भिंग आणि रसायन, तेव्हा ती विज्ञानाची बाब, असा त्या काळचा हिशेब होता.

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म १८७० चा, त्र्यंबकेश्वरचा. १८८५ साली ते जे. जे. मध्ये दाखल झाले आणि रेखाकला शिकले. पुढच्या वर्षी ते थोरल्या भावाबरोबर बडोद्याला गेले. इथे एक दुरुस्ती करणे मला जरुरीचे वाटते. फाळके १८८६ मध्ये कलाभवनात आणि तेही 'ललित कला विद्याशाखेत' शिकले, असे अनेक ठिकाणी छापलेले दिसते. पण कलाभवन सयाजीरावांनी काढले १८९० साली, आणि बडोदे विद्यापीठाची ललित कला विद्याशाखा निघाली १९५० मध्ये. तेव्हा फाळके बडोद्याला आले ते १८८६ ला असे म्हणता येईल. कलाभवनाशी त्यांचा संबंध मात्र १८९० पासून पुढेच मोजायला हवा. आणि त्या कलाभवनाचा आजचा वारस ललित कला विद्याशाखा नव्हे. कलाभवनाच्या वास्तूत आज विद्यापीठाची तंत्रज्ञान आणि अभियांत्रिकी विद्याशाखा आहे. फाळके जिथे कॅमेऱ्याशी झटले, तिथे आज इंजिनियर तयार होतात.

हा केवळ तारखांचा काथ्याकूट नाही. कलाभवनाचे प्राचार्य होते प्रा. त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर. हे आपल्या सुरतेचे, सुतार समाजातले, आणि विषयाने रसायनशास्त्रज्ञ. चापेकर बंधूंनी मुंबईत व्हिक्टोरिया राणीच्या संगमरवरी पुतळ्याला डांबर फासले, ते डाग ज्यांनी रसायनाने काढून दाखवले तेच हे गज्जर. १९०७ साली निघालेल्या अलेम्बिक कारखान्याच्या उभारणीतही त्यांचा हात होता. कलाभवनात रंगाई, विणकाम, यंत्रकाम, वास्तुकाम आणि चित्रकला एकाच छताखाली होते. शिक्षण देशी भाषेतून व्हावे असा गज्जरांचा आग्रह होता. कारागिराच्या मुलाला इंग्रजी येत नाही म्हणून त्याचे हात अडाणी राहू नयेत, हा त्यामागचा विचार. तिथे 'कला' या शब्दाचा अर्थ जुना होता. चौसष्ट कला म्हणताना आपण जो घेतो तो. कापड रंगवणे ही कला, लाकूड घडवणे ही कला, चित्र काढणे ही कला, तशी काचेवर प्रतिमा उमटवणे हीही कलाच.

म्हणून फाळक्यांना तिथे अडचण आली नाही. चित्रकला आणि वास्तुकामाबरोबर ते छायाचित्रण, हाफटोन ब्लॉक, फोटोलिथो यांत गुंतले. गज्जरांनी त्यांना ब्लॉक बनवण्याचे तंत्र शिकायला रतलामला पाठवले आणि परतल्यावर कलाभवनाचा स्टुडिओ व प्रयोगशाळा वापरू दिली. हाफटोन म्हणजे काय ते थोडक्यात सांगतो. छपाईची शाई एक तर कागदाला लागते किंवा लागत नाही, तिला करडा रंग ठाऊक नसतो. म्हणून मूळ फोटो जाळीदार काचेतून पुन्हा टिपतात. त्याचे बारीक ठिपके होतात, काळ्या जागी मोठे आणि उजळ जागी लहान. ते ठिपके धातूच्या पत्र्यावर आम्लाने कोरले की ब्लॉक तयार. भिंग, रसायन, धातुकाम आणि चित्रकाराची नजर, चारही लागतात. गज्जरांच्या शाळेशिवाय हे चारही एकत्र कुठे मिळणार होते?

पण शिकून पोट भरले का? १८९५ च्या सुमारास फाळक्यांनी गोध्र्याला जाऊन फोटोचा धंदा मांडला. तो फारसा चालला नाही. तिथेच प्लेगमध्ये त्यांची पत्नी आणि मूल गेले. बडोद्याला परतून पुन्हा स्टुडिओ थाटला, तर फोटो काढला की आयुष्य कमी होते या समजुतीने गिऱ्हाईक येईना. मग नाटकांचे पडदे रंगवणे, जादूचे प्रयोग, १९०३ मध्ये पुरातत्त्व खात्यात ड्राफ्ट्समन-छायाचित्रकाराची नोकरी, लोणावळ्याला छापखाना, रविवर्मा प्रेसची फोटोलिथोची कामे. मे १९१३ मध्ये मुंबईच्या कोरोनेशन सिनेमात 'राजा हरिश्चंद्र' लागला तेव्हा ते ४३ वर्षांचे होते. कलाभवनातले शिक्षण फळाला यायला वीस वर्षे लागली. पण आले ते पुरेपूर आले. चित्रपटाला लागणारे पडदे, कॅमेरा, फिल्म धुणे, छापणे, यातले बहुतेक त्यांच्या हाताला आधीच ठाऊक होते.

त्याच १९१३ सालच्या डिसेंबरात नवसारीला होमाईंचा जन्म झाला. नवसारी आपल्यापासून तासाभराच्या वाटेवर, आणि तेव्हा गायकवाडीत. वडील फिरत्या नाटक कंपनीत नट होते. होमाईंचे शिक्षण मात्र मुंबईत झाले आणि पुढे त्यांनी जे. जे. मध्ये चित्रकलेचे शिक्षण घेतले. १९३० च्या दशकाचा आरंभीचा काळ आहे हा. आता जे. जे. मध्ये 'कला' शब्दाचा अर्थ आक्रसला होता. रेखाटन, रंगकाम, मॉडेलवरून अभ्यास, म्युरल. व्यापारी कलेचा विभाग तिथे निघाला १९३५ मध्ये, आणि त्या अंगाने फोटोग्राफीला पुढे वर्गात जागा मिळाली. होमाईंना कॅमेरा शिकवला तो माणेकशा व्यारावाला यांनी, जे पुढे त्यांचे पती झाले. ते टाइम्स ऑफ इंडियात हिशेबाच्या कामावर होते आणि छायाचित्रण स्वतःच शिकले होते.

मग कलाशाळेने होमाईंना काय दिले? माझ्या मते दोन गोष्टी. पहिली, चौकट. रेखाटन करणाऱ्याला कागदाच्या कडेचे भान असते. वस्तू कुठे ठेवली की बाकीची जागा बोलू लागते हे त्याला हाताने कळलेले असते. दुसरी, माणसे. त्यांच्या सुरुवातीच्या फोटोंत जे. जे. मधल्या वर्गमैत्रिणी आहेत, शिकणाऱ्या, हसणाऱ्या, मोकळ्या तरुण मुली. त्या काळी अनोळखी फोटोग्राफरसमोर अशा सहज कोण बसल्या असत्या? ती जवळीक विकत मिळण्यासारखी नव्हती. ती कॉलेजातच मिळाली.

आणि नावाचे काय झाले? सुरुवातीचे त्यांचे फोटो छापून आले ते माणेकशांच्या नावाने. बाई, त्यातून नवखी. तिच्या नावाने फोटो कोण घेणार? पुढे १९४२ मध्ये त्या दिल्लीत ब्रिटिश माहिती खात्यात लागल्या. स्वातंत्र्य, फाळणीचा निर्णय, गांधीजींची अंत्ययात्रा, नेहरू, हे सगळे त्यांनी टिपले. १९७० च्या सुमारास कॅमेरा खाली ठेवला. नंतर त्या बडोद्यात राहिल्या. २०११ मध्ये पद्मविभूषण मिळाले आणि जानेवारी २०१२ मध्ये तिथेच त्यांचे निधन झाले. ज्या संस्थानच्या एका टोकाला जन्म, त्याच्या राजधानीत अखेर. देशाची पहिली महिला वृत्तछायाचित्रकार म्हणून आज सगळे त्यांना ओळखतात. पण मधली कित्येक वर्षे त्यांचे नाव फारसे कुणाला ठाऊक नव्हते.

या दोघांच्या मध्ये आपल्या तालुक्यातली एक घटना आठवते. फेब्रुवारी १९३८ मध्ये हरिपुऱ्याला काँग्रेसचे अधिवेशन भरले, सुभाषबाबू अध्यक्ष. नंदलाल बसूंनी त्यासाठी खेड्यातल्या कामकऱ्यांची चित्रे काढली. सुतार, शिंपी, वादक, दळणारी बाई. नंदलाल शांतिनिकेतनच्या 'कला भवना'चे प्रमुख. बडोद्याचे कलाभवन आणि शांतिनिकेतनचे कला भवन, नाव एकच. एकात सुताराचा मुलगा प्राचार्य होऊन कारागीर घडवत होता, दुसऱ्यातला चित्रकार सुताराचे चित्र रंगवत होता. दोन्ही थोर कामे. पण कॅमेरा या दोहोंच्या मध्ये पडला. कारागिरीच्या शाळेने त्याला तंत्र मानले, चित्राच्या शाळेने त्याला बराच काळ बाहेरच ठेवले.

ही फट थोडी बुजली ती १९५० नंतर, पुन्हा बडोद्यातच. नव्या ललित कला विद्याशाखेत ना. श्री. बेंद्रे चित्रकला शिकवत होते. भावनगरचे ज्योती भट्ट त्यांचे विद्यार्थी, चित्रकार आणि मुद्राचित्रकार. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात लोककलेच्या नोंदीसाठी म्हणून त्यांनी कॅमेरा हाती घेतला आणि गावोगावच्या भिंती, अंगणे, गोंदणे, रांगोळ्या टिपल्या. शिल्पकार राघव कनेरिया हेही त्याच वाटेने गेले. दोघांपैकी कुणीही फोटोग्राफीची पदवी घेऊन निघाला नव्हता. पण आज त्यातल्या कित्येक भिंती उरल्या नाहीत, फोटो उरले आहेत.

तर पालकांच्या प्रश्नाला माझे उत्तर असे. शिक्षण आणि दुकानदारी ही भांडणे नंतरची. जुन्या स्टुडिओत काचेच्या निगेटिव्हवर बारीक पेन्सिलीने सुरकुत्या, डाग झाकायचे काम असे. मागचा पडदा रंगवायचा असे, कोळशाने मोठे चित्र करायचे असे. चित्रकला शिकलेल्या हाताला तिथेच काम मिळे. ज्याने रेखाटन, रसायन आणि माणसांशी बोलणे तिन्ही शिकले, तो टिकला. आज रसायनाच्या जागी संगणक आला आहे, बाकी दोन तशीच आहेत. कॉलेज निवडताना स्टुडिओत प्रत्यक्ष किती तास मिळतात आणि चित्रकलेचा पाया घालतात की नाही, एवढे जरूर बघा.

आणि आपल्या मंडळासाठी एक काम. आपल्या घरांत, सुरतेच्या, नवसारीच्या, तापी व्हॅली रेल्वेने इकडे आलेल्या खानदेशी कुटुंबांच्या पेट्यांत जुने पुठ्ठ्यावर डकवलेले फोटो आहेत. फोटोतला माणूस कोण हे आपण विचारतो. यापुढे पुठ्ठा उलटूनही बघू या. मागे स्टुडिओचा शिक्का असतो, कधी गावाचे नाव, कधी पेन्सिलीने लिहिलेला निगेटिव्हचा नंबर. तो उतरवून ठेवा, त्याचाही फोटो काढा, घरातल्या वडीलधाऱ्यांना त्या दुकानाबद्दल विचारा. फाळक्यांचे नाव चित्रपटामुळे राहिले, होमाईंचे त्या दीर्घायुषी झाल्या म्हणून त्यांच्या हयातीत परत आले. बाकीच्यांची नावे त्या पुठ्ठ्यांच्या मागेच आहेत, आणि पुठ्ठ्याला वाळवी लागायला फार वर्षे लागत नाहीत.