फोटोखालची ओळ

आमच्या घराण्याच्या कुलवृत्तांताची नवी आवृत्ती काढायचे ठरले, तेव्हा जुने फोटो जमवण्याचे काम माझ्याकडे आले. त्यात एक फोटो वगळणे शक्यच नव्हते. पणजोबा आणि पणजी. गावच्या घरी माजघरात, देवघराच्या दाराशेजारी तो कित्येक वर्षे टांगलेला होता. पणजोबा खुर्चीवर, हातात काठी. शेजारी पणजी, नऊवारीत, डोक्यावरून पदर, नाकात नथ, कपाळावर कुंकू. मूळ फोटो काळा-पांढरा. कुंकू, नथ, मंगळसूत्र आणि लुगड्याचे काठ वरून रंगवलेले.

मी तो स्कॅन करून भाच्याला पाठवला. तो पुण्यात व्हिडिओ संपादनाचे काम करतो. अर्ध्या तासात त्याचा फोन आला. "आत्या, यांच्या सावल्या उलट्या आहेत गं. आजोबांवर उजेड डावीकडून येतोय आणि आजींवर उजवीकडून. हे दोघं एका वेळी एका खोलीत बसलेलेच नाहीत."

उरलेली गोष्ट वडिलांच्या चुलत बहिणीने सांगितली. पणजी बाळंतपणात गेली तेव्हा तिचा एकही फोटो नव्हता. वर्षभराने पणजोबांनी तालुक्याच्या गावी एका स्टुडिओत तिच्या धाकट्या बहिणीला बसवले, कारण दोघींचा चेहरा एकसारखा होता. ही बहीण लहान वयात विधवा होऊन माहेरी परतलेली. ती मोकळ्या कपाळाने कॅमेऱ्यासमोर बसली. कुंकू, नथ आणि मंगळसूत्र नंतर स्टुडिओतल्या चित्रकाराने काढले. पणजोबांचा फोटो वेगळा होता, तो शेजारी जोडला. "ती तुझी पणजी नव्हेच मुळी," आत्या म्हणाली. "पण आम्ही सगळे तिलाच नमस्कार करत आलो."

भाच्याने सुचवले की सावल्या एका बाजूला करून देतो, डागही काढतो, पाच मिनिटांचे काम आहे. मी थांब म्हटले. मला वेगळाच प्रश्न पडला होता. कुलवृत्तांतात या फोटोखाली काय छापायचे?

त्या प्रश्नाने मला फोटोंच्या इतिहासात बरेच मागे नेले. मुंबईपासूनच सुरुवात करते. १८३९ मध्ये पॅरिसमध्ये दागेरच्या शोधाची घोषणा झाली आणि सुमारे पंधरा वर्षांनी, १८५४ मध्ये, मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. १८५५ मध्ये एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये फोटोग्राफीचा वर्ग सुरू झाला. डॉ. भाऊ दाजी लाड सोसायटीचे सभासद होते आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी स्वतः उत्तम फोटो काढत. नवी कला या शहरात पहिल्यापासून देशी माणसांच्याही हातात होती.

त्याच सोसायटीच्या संस्थापकांपैकी एक विल्यम जॉन्सन. १८५६ ते १८५८ या काळात त्याने विल्यम हेंडरसनबरोबर फोटोंचे एक मासिक चालवले. पुढे मुंबईत राहणाऱ्या आणि येणाऱ्या जातीजमातींविषयी त्याचे दोन खंडांचे पुस्तक लंडनमध्ये निघाले. पहिला खंड १८६३ चा, गुजरात, कच्छ आणि काठियावाडातल्या लोकांचा; दुसरा १८६६ चा, महाराष्ट्राचा. अस्सल फोटो चिकटवलेल्या, भारतातल्या लोकांविषयीच्या सुरुवातीच्या मोठ्या पुस्तकांत त्याची गणना होते.

त्या पुस्तकातले फोटो आज इंटरनेटवर सहज पाहता येतात. भाटिया, लोहाणा, मेमन, वल्लभाचार्य संप्रदायाचे महाराज. माणसे नीटनेटकी, अंगावर ठेवणीतले कपडे, आणि पाठीमागे देऊळ, तलाव, झाडी किंवा एखादा दरवाजा. थोडा वेळ पाहत राहिले की काहीतरी खटकू लागते. माणसांची कड जरा जास्तच रेखीव आहे. पाय जमिनीवर टेकलेले वाटत नाहीत. उजेड माणसांवर एक आणि मागच्या भिंतीवर दुसराच. अमेरिकेत डॅलसच्या सदर्न मेथडिस्ट विद्यापीठाच्या डीगोलयर ग्रंथालयात जॉन्सन आणि हेंडरसन यांच्या फोटोंचे संग्रह आहेत. त्यांच्याशी ताडून पाहिले की उलगडा होतो. जॉन्सनने माणसे वेगळी टिपली, देखावे वेगळे टिपले, आणि छापताना दोन्ही जोडले.

त्या काळी याला कोणी लबाडी म्हटले नसते. तेव्हाच्या काचेच्या निगेटिव्हवर निळा उजेड फार लवकर उमटे. जमीन नीट यावी म्हणून वेळ दिला की आकाश पांढरेफटक होई. म्हणून युरोपातले नामांकित फोटोग्राफरही ढगांची वेगळी निगेटिव्ह ठेवत आणि छापताना वर जोडत. डोळ्यांना जे दिसले ते कागदावर आणण्यासाठीच जोड द्यावा लागे. हा युक्तिवाद मला मान्य आहे. आकाशापुरता.

पण जॉन्सनने जोडले ते आकाश नव्हते. ही माणसे मुंबईची होती, किंवा मुंबईत कामाला आलेली. बाजारात शेजारी शेजारी दुकाने मांडणारी, एकाच गल्लीतून जाणारी-येणारी. शहराचे नवेपण त्या सरमिसळीत होते. फोटोत ती सरमिसळ उरली नाही. प्रत्येक जातीला तिची चौकट मिळाली आणि मागे तिला साजेसे गाव किंवा देऊळ मिळाले. कॅमेऱ्यासमोर यायला जी माणसे मुंबईच्या रस्त्यातून चालत आली, ती छापखान्यातून बाहेर पडताना मुंबईतली राहिली नाहीत. चेहरे खरे, कपडे खरे, जागा मात्र खोटी. आणि जागेमुळे अर्थ बदलला. याच काळात सरकारी पातळीवरही असेच काम सुरू होते. १८६८ ते १८७५ दरम्यान भारतातल्या लोकांविषयी आठ खंडांचे सचित्र पुस्तक निघाले. माणसाला आधी जात, मग फोटो, असा तो क्रम होता.

जॉन्सनचा जोड निदान शोधता येतो. जिथे निगेटिव्ह एकच आहे, कात्री लागलेली नाही, तिथे काय करायचे? यासाठी लखनौला जायला हवे.

१६ नोव्हेंबर १८५७ रोजी सर कॉलिन कॅम्पबेलच्या फौजेने लखनौची सिकंदर बाग जिंकली. वाजिद अली शहाच्या काळातली ही तटबंदीची बाग. आत सुमारे दोन हजार शिपाई होते आणि बाहेर पडायला वाट नव्हती. जवळजवळ सगळे मारले गेले. लखनौ पूर्णपणे इंग्रजांच्या ताब्यात आले ते मार्च १८५८ मध्ये, आणि त्यानंतर तिथे फेलिचे बिआतो हा फोटोग्राफर पोचला. तो क्रिमियाच्या युद्धभूमीवरून आलेला. त्याने काढलेला सिकंदर बागेचा फोटो जगभर छापला गेला आहे. गोळ्यांनी विदीर्ण झालेली खांबांची इमारत, समोर थोडी माणसे आणि एक घोडा, आणि अंगणभर पसरलेली हाडे आणि कवट्या.

त्या वेळच्या कॅमेऱ्याला हलणारे काही टिपता येत नसे. लढाई चालू असताना फोटो काढणे अशक्यच होते. लढाईनंतरचाच फोटो निघे. त्यामुळे फोटोखालची ओळ महत्त्वाची ठरे. बिआतोच्या फोटोखालची ओळ सांगते, की हा नोव्हेंबर १८५७ च्या हल्ल्यात दोन हजार बंडखोर मारले गेल्यानंतरचा देखावा आहे. निगेटिव्ह मात्र १८५८ ची आहे, काही महिन्यांनंतरची. मग ही हाडे इतके दिवस अशीच उघड्यावर होती का? तेव्हा लखनौत असलेले मुलकी अधिकारी सर जॉर्ज कॅम्पबेल यांनी पुढे आपल्या आठवणींत लिहिले, की प्रेते झाकलेली होती आणि फोटोसाठी ती उघडी करायला लावली. एकच कॅमेरा, एकच निगेटिव्ह, कुठेही कात्री नाही. तरी हा फोटो मांडलेला आहे, रंगमंच मांडावा तसा.

मी पहिल्यांदा हे वाचले तेव्हा माझी पहिली प्रतिक्रिया होती: म्हणजे फोटो खोटा. नंतर मला त्या प्रतिक्रियेची लाज वाटली. हाडे मांडलेली असतील, पण ती हाडेच होती. कत्तल झाली होती. ती करणाऱ्यांनीच तिची नोंद अभिमानाने करून ठेवली आहे. फोटो मांडलेला आहे म्हणून मेलेली माणसे जिवंत होत नाहीत. त्या मांडणीतून एक जादा गोष्ट मात्र कळते: जिंकणाऱ्यांना शत्रूचा मृत्यू कसा पाहायचा होता. विलायतेतल्या गिऱ्हाइकाच्या संग्रहासाठी ही दोन हजार माणसे एकदा मेली आणि पुन्हा एकदा मांडली गेली. फोटोखालच्या ओळीत मारणाऱ्या पलटणींची नावे आहेत. मेलेल्यांपैकी कोणाचेही नाव नाही.

नाव राहिले ते दुसरीकडे. सिकंदर बागेत लढताना मारली गेलेली ऊदा देवी ही पासी समाजातली स्त्री लखनौच्या लोकांनी आपल्या आठवणीत जपली. आज बागेबाहेरच्या चौकात तिचा पुतळा आहे. तिचा फोटो नाही. पुतळ्याचा चेहरा शिल्पकाराने कल्पनेने घडवला असणार, आणि तसे नसल्याचा आव कोणी आणत नाही. ज्या जागी फोटो काढला गेला तिथल्या मेलेल्यांबद्दल, मला वाटते, तो पुतळा फोटोपेक्षा जास्त सांगतो.

हे सारे काचेच्या जमान्यातले, आता तर संगणक आला, असे म्हणता येईल. पण ३ डिसेंबर २०१५ आठवून पाहा. चेन्नईत महापूर आला होता आणि पंतप्रधानांनी विमानातून पाहणी केली. पत्र सूचना कार्यालयाने एक फोटो प्रसिद्ध केला: पंतप्रधान खिडकीतून खाली पाहत आहेत आणि खिडकीत पाण्यात बुडालेली घरे स्वच्छ दिसत आहेत. लोकांनी तासाभरात ओळखले की खिडकीतला देखावा वरून चिकटवलेला आहे. फोटो काढून टाकला गेला आणि दोन फोटो एकत्र केल्याचे कार्यालयाने मान्य केले. पूर खरा होता, पाहणी खरी होती. खोटी होती ती फक्त खिडकी. दीडशे वर्षांपूर्वी जॉन्सनने केले तेच हे काम. फरक इतकाच की जॉन्सनचा जोड ओळखायला अभ्यासकांना वर्षे लागली, आणि हा जोड ओळखणाऱ्यांच्या हातात तीच साधने होती जी तो करणाऱ्यांच्या हातात होती.

पण हाच युक्तिवाद उलटा फिरवता येतो, आणि आज मला भीती आहे ती त्याची. सगळेच फोटो घडवलेले असतात, हे वाक्य सर्वांत जास्त सोयीचे आहे ते ज्याच्याविरुद्ध खरा फोटो पुढे येतो त्याला. 'हा फोटो बनावट आहे' एवढे म्हटले की तो सुटला. म्हणून 'घडवलेला' आणि 'खोटा' हे शब्द मी वेगळे ठेवते. प्रत्येक फोटो कोणीतरी घडवतो: कुठे उभे राहायचे, काय चौकटीबाहेर ठेवायचे, कोणत्या क्षणी बटण दाबायचे हे ठरवतो. फोटो खोटा होतो तो हे ठरवणे लपवले जाते तेव्हा, आणि बहुधा ते लपते फोटोखालच्या ओळीत.

न लपवताही जोड देता येतो. चित्रकार विवान सुंदरम यांनी २००१-०२ मध्ये आपल्या कुटुंबाचे जुने फोटो घेतले. त्यांतले बरेच त्यांचे आजोबा उमराव सिंग शेरगिल यांनी काढलेले होते. संगणकावर त्यांनी ते एकत्र आणले. मावशी अमृता शेरगिल, आई इंदिरा, आजी-आजोबा, वेगवेगळ्या वयांत आणि वेगवेगळ्या शहरांत टिपलेले, एकाच खोलीत आले. हे क्षण कधीच घडले नव्हते आणि ते घडले असे कोणी म्हणतही नाही. जोड उघडा आहे, म्हणून पाहणारा फसत नाही. तो त्या घराचा विचार करू लागतो.

मग मी आमच्या माजघरातल्या फोटोकडे परत आले. त्यात पणजी नाही. तिच्या नावाने जी बसली आहे तिला आमच्या कुलवृत्तांतात नियमाने जागाच नाही: ती ना या घराण्यात जन्मली, ना इथे लग्न करून आली. तिच्या सासरच्यांनी तिला परत पाठवले. माझ्या माहितीत तिचा दुसरा फोटो नाही. जे कुंकू तिच्या कपाळावरून पुसले गेले होते ते स्टुडिओतल्या चित्रकाराने परत लावले, पण दुसरीच्या नावाने. तीन पिढ्या आम्ही त्या चेहऱ्याला हळदकुंकू वाहिले, आणि बाई कोण हे कोणी विचारले नाही. सावल्या सरळ केल्या असत्या तर हे विचारायचे कारणही उरले नसते.

कुलवृत्तांताच्या समितीत यावर दोन बैठका झाल्या. एक काका म्हणाले, "अगं, लोकांना पणजी पाहायची आहे, हे सगळं कशाला?" त्यांचे चूक होते असे मला वाटत नाही, पणजोबांनाही तेच हवे होते. शेवटी फोटो होता तसाच छापायचे ठरले, डागांसकट आणि उलट्या सावल्यांसकट. खालची ओळ मी लिहिली. आधी पणजोबांचे नाव. मग, पणजींच्या स्मरणार्थ त्यांची धाकटी बहीण, आणि तिचे स्वतःचे, माहेरचे नाव. शेवटी: दोन फोटो जोडलेले, कुंकू आणि दागिने रंगवलेले.

छापून आल्यावर भाच्याला एक प्रत पाठवली. त्याने त्या पानाचा मोबाइलवर फोटो काढून घरातल्या सगळ्यांना पाठवला. खालची ओळ चौकटीबाहेर राहिली होती. मी त्याला फोन केला आणि परत काढायला लावला.