उपकारस्तुती : केडगावच्या बायकांची प्रार्थना



मागच्या वेळी आपण वेगवेगळ्या धर्मांतल्या प्रार्थनांबद्दल बोललो. तेव्हा एका बाईंनी आम्हाला विचारलं, "ज्यांच्या घरात पीठ नाही, त्यांनी देवाचे आभार कशाचे मानायचे?" प्रश्न मनाला लागला. त्याचं उत्तर शोधत आज आम्ही तुम्हाला सव्वाशे वर्षं मागे नेणार आहोत, पुणे जिल्ह्यातल्या दौंड तालुक्यात, केडगावला.

मराठी ख्रिस्ती माणसांचा एक सुंदर शब्द आहे : उपकारस्तुती. देवाने केलेले उपकार आठवायचे आणि त्याची स्तुती करायची. हा विचार त्या धर्मात अगदी सुरुवातीपासून आहे. भाकर आणि द्राक्षारस वाटून घेण्याचा जो त्यांचा मुख्य विधी, त्याच्या जुन्या ग्रीक नावाचा अर्थच 'आभार मानणे' असा होतो. संत पौलाने फिलिप्पै गावच्या मंडळीला आनंद करा म्हणून पत्र लिहिलं, तेव्हा तो स्वतः कैदेत होता. म्हणजे सुखातले आभार आणि दुःखातले आभार, दोन्हींची ओळख या प्रार्थनेला पहिल्यापासूनच होती.

आपल्याकडे ही गोष्ट जगून दाखवली पंडिता रमाबाईंनी. त्यांचा जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी बायकोला आणि मुलीला संस्कृत शिकवलं. तीर्थयात्रा करत हे कुटुंब देशभर हिंडलं आणि दुष्काळात सापडलं. उपासमारीने खंगून आई, वडील आणि बहीण गेली. पुढे भाऊ गेला. लग्नानंतर दोन वर्षं होतात न होतात तोच, १८८२ साली, पतीही गेले. कडेवर लहानगी मनोरमा. १८८३ साली इंग्लंडमध्ये त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला.

१८८९ साली त्यांनी मुंबईत विधवा मुलींसाठी शारदा सदन काढलं आणि पुढच्या वर्षी ते पुण्याला नेलं. तिथे वाद झाला तो प्रार्थनेवरूनच. रमाबाई आपल्या खोलीत प्रार्थना करत आणि दार उघडं ठेवत. काही मुली आपण होऊन तिथे येऊन बसू लागल्या. मुलींचं धर्मांतर होईल, अशी पालकांना भीती वाटली. ती खोटी होती असं आम्ही म्हणणार नाही, कारण पुढे काही मुली खरोखरच ख्रिस्ती झाल्या. १८९३ साली रानडे, भांडारकर यांच्यासारख्या सल्लागारांनी संस्थेशी संबंध तोडला, पुष्कळ मुलींना घरी नेण्यात आलं. रमाबाईंनी मात्र दार लावून घेतलं नाही.

मग १८९६ चा दुष्काळ आला. मध्य प्रांतातल्या भुकेलेल्या मुलींची बातमी कळली आणि रमाबाई निघाल्या. भूक म्हणजे काय, हे त्यांना कोणी सांगायची गरज नव्हती. सुमारे तीनशे मुली आणि बायका त्यांनी आणल्या. पुण्यात प्लेग होता, म्हणून केडगावच्या शेतजमिनीवर त्यांची सोय केली. तेच पुढे मुक्ती मिशन झालं. १९०० च्या दुष्काळात गुजरातेतून शेकडो जणी आल्या आणि आश्रम दोन हजारांच्या घरात गेला.

या मुलींना रमाबाईंनी आधी काय दिलं? अन्न, कपडे, औषध, पाटी आणि काम. शेती, विणकाम, दूधदुभतं, तेलघाणा, छापखाना. प्रार्थना या सगळ्याच्या सोबत होती, या सगळ्याच्या ऐवजी नव्हती. आम्हाला हे फार महत्त्वाचं वाटतं. उपाशी पोरीला नुसतं "आभार मान" म्हणणं क्रूरपणाच. तिला जेवू घालून, शेजारी बसून, "चल, दोघी मिळून आभार मानू" म्हणणं वेगळं.

१९०५ च्या जानेवारीत रमाबाईंनी रोज जमून प्रार्थना करायला बोलावलं. पहिल्यांदा सत्तर जणी आल्या. जूनपर्यंत त्या साडेपाचशे झाल्या, त्याही दिवसातून दोनदा. जूनच्या अखेरीला एक निराळीच लाट आली. मुली ओक्साबोक्शी रडू लागल्या, आपल्या चुका बोलून दाखवू लागल्या. रडून मन मोकळं झालं की हसायच्या, टाळ्या वाजवायच्या, गायच्या, कोणी नाचायच्याही. सगळ्या एकाच वेळी मोठ्याने प्रार्थना करायच्या. काही परदेशी मिशनऱ्यांना हा गोंगाट वाटला. रमाबाईंचं म्हणणं असं की, इथल्या माणसांना इथल्या रीतीने देवापुढे मोकळं होऊ द्या. विचार करा, ज्यांना "हळू बोल, हसू नकोस" एवढंच शिकवलं होतं, त्या विधवा पोरी देवाचं नाव घेऊन खदखदून हसत होत्या!

आपल्या रीतीची हीच ओढ त्या काळात नगरकडेही होती. कवी नारायण वामन टिळक ख्रिस्तभक्तीसाठी अभंग आणि भजन लिहीत होते. परक्या चालीवरची भाषांतरित गाणी जीभ म्हणते, पण अभंगाला मान आपोआप डोलते. त्यांनी 'ख्रिस्तायन' हे काव्य अर्धवट सोडलं, तेव्हा ते पुढे नेलं त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी, ज्यांना शाळा अशी कधी मिळालीच नव्हती.

रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून साध्या बायकांना कळेल अशा मराठीत बायबलचं भाषांतर केलं. त्यासाठी खिळे जुळवणारे हात आश्रमातल्याच बायकांचे होते. १९२१ साली मनोरमा गेली. ज्या लेकीने काम पुढे चालवायचं, तीच आधी गेली. तरी भाषांतराचं काम थांबलं नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या आणि १९२४ साली ते बायबल मुक्तीच्या छापखान्यातून बाहेर पडलं.

तर बाई, तुमच्या प्रश्नाचं आम्हाला सापडलेलं उत्तर एवढंच. केडगावच्या बायकांनी दुष्काळाचे आभार मानले नाहीत. दुष्काळात कोणीतरी हात धरला, त्याचे मानले. आणि मग त्यांनी दुसरीचा हात धरला. तुमचा हात कोणी धरला होता का? आठवा, आणि पुढच्या वेळी आम्हाला नक्की सांगा.