तितराकरवी तितर

वर्धा जिल्ह्यात आर्वी, आष्टी आणि कारंजा या तालुक्यांकडे जमीन चढू लागली की काळ्या मातीची सलग शेते मागे पडतात आणि महसुली दप्तरात ‘झुडपी जंगल’ म्हणून नोंदलेली, बोरी-बाभळी व पळसांची विरळ राने लागतात. या झुडपांत आणि शेतांच्या धुऱ्यांवर, म्हणजे बांधांवर, करडा तितर राहतो. कोंबडीच्या कुळातला हा पक्षी सुमारे ३३ सेंटीमीटर लांबीचा व मातकट रंगाचा असून धोका जाणवला की उडण्यापेक्षा पळणे पसंत करतो. त्यामुळे पहाटे चहूबाजूंनी ऐकू येणारा तितर दृष्टीस क्वचितच पडतो. विणीचा मुख्य काळ चैत्रापासून पावसाळ्यापर्यंत असतो, आणि त्या दिवसांत प्रत्येक नर आपल्या हद्दीत दुसऱ्या नराचा आवाज खपवून घेत नाही. फासेपारध्यांचे, म्हणजे फास लावून शिकार करणाऱ्या भटक्या जमातीचे, तितर धरण्याचे तंत्र या एका स्वभावावर उभे आहे.

त्यात दोन वस्तू लागतात. पहिली फाशांची माळ: एका लांब दोरीला बांबूच्या बारीक कामट्या बांधलेल्या असतात आणि प्रत्येक कामटीला सरकगाठीचा फास असतो; हरणासाठी हा फास जनावरांच्या तांतीचा, म्हणजे स्नायूंच्या किंवा आतड्याच्या पिळलेल्या तंतूंचा करीत, तर पक्ष्यासाठी घोड्याच्या शेपटीचा केस वापरीत, कारण तो बारीक असून ताठ राहतो व गाठ अडत नाही. दुसरी वस्तू जिवंत असते. पिल्लापणापासून हाताळलेला नर पिंजऱ्यात घालून वर फडके टाकलेले असते, आणि उजाडण्याच्या सुमारास पिंजरा धुऱ्याजवळ ठेवून, भोवती फासे रोवून फडके काढले की तो बोलू लागतो. हद्दीचा धनी आधी लांबून उत्तर देतो, मग जवळून, आणि शेवटी पंख खाली सोडून, मान पुढे काढून थेट पिंजऱ्याच्या दिशेने धावत येतो. एरवी सावध असणारा हा पक्षी रागाच्या भरात पायाखालचा केस पाहत नाही. फास कोणीही वळू शकेल. बोलका नर तयार करणे हे खरे कसब आहे.

हे तंत्र पारध्यांनी शोधले असे मात्र म्हणता येत नाही, कारण त्याचे पुरावे फार मागे जातात. पाली जातककथांमधील ३१९व्या, तित्तिर नावाच्या कथेत असाच पोसलेला तितर येतो: आपल्या आवाजाने आपलेच भाऊबंद मारले जातात हे उमगून तो गप्प राहू लागतो, तेव्हा पारधी त्याच्या डोक्यावर बांबूने मारतो आणि वेदनेने तो ओरडला की रानातले तितर गोळा होतात. यात पाप कोणाचे, असा प्रश्न तो एका तपस्व्याला विचारतो, आणि मनात हेतू नसेल तर पाप लागत नाही असे उत्तर त्याला मिळते. बोलावणाऱ्या पक्ष्याची ही युक्ती कथाकाराच्या श्रोत्यांना परिचित असल्याशिवाय असा नैतिक पेच तिच्यावर रचता आला नसता. ग्रीसमध्ये इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात ॲरिस्टॉटलच्या प्राणिविषयक ग्रंथातही पाळीव तितराच्या हाकेला रानटी थव्यातला म्होरक्या नर आव्हान देत पुढे येतो आणि पकडला जातो असे वर्णन आहे. दोन्हीकडच्या तितरांच्या जाती वेगळ्या असल्या तरी स्वभाव एकच असल्यामुळे एका देशाने दुसऱ्याकडून ही युक्ती घेतली असे मानण्याची गरज उरत नाही.

कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लास’ या बाराव्या शतकातील ग्रंथात मृगया हा राजाचा विनोद म्हणून सविस्तर येतो. माणसाळवलेले हरीण पुढे करून रानातले हरीण जवळ आणण्याची रीत त्यात आहे, आणि लावा पक्ष्यांच्या झुंजीही. म्हणजे जी युक्ती पारध्याच्या पोटासाठी होती, तीच दरबारी करमणुकीतही होती; फरक एवढाच की दरबारातल्या शिकारीला ग्रंथ मिळाला.

अमेरिकेत वसंतात रानटी टर्की धरताना हेच तत्त्व उलटे वापरले जाते. तेथे शिकारी टर्कीच्याच पंखाच्या हाडाच्या किंवा लाकडी शिट्टीतून मादीचा आवाज काढतो, आणि नर भांडायला नव्हे, तर जुगायला येतो. असे फक्त नर बोलावणे सोयीचेही आहे, कारण टर्कीचा एक नर अनेक माद्यांशी जुगतो, तेव्हा काही नर मारले गेले तरी वीण थांबत नाही. तितराची जोडी बहुधा एकास एक असते, त्यामुळे विणीत मारलेला प्रत्येक नर महाग पडतो. ब्रिटिश हिंदुस्थानात १८८७ आणि १९१२ च्या कायद्यांनी विणीचा काळ बंदीचा ठरवण्याची सोय केली ती अशा पक्ष्यांसाठी. पण ज्या काळात साहेबाची बंदूक थांबायची, त्याच काळात पारध्याच्या पिंजऱ्याला सर्वाधिक उत्तरे मिळायची. शिवाय १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याखाली भटक्या जमातींना जन्मानेच संशयित ठरवण्याची वाट मोकळी झाली, पारधीही तिच्यात ओढले गेले, आणि त्यांची शिकार पोलिसी नजरेखाली आली. तो कायदा १९५२ साली रद्द झाला, तरी संशय विदर्भातल्या पारधी बेड्यांवरून, म्हणजे त्यांच्या वस्त्यांवरून, सहजासहजी उठला नाही.

माधव गाडगीळ आणि कैलाश मल्होत्रा यांनी महाराष्ट्रातील भटक्या शिकारी जमातींचा अभ्यास केला, तेव्हा नंदीवाले कुत्र्यांनी, वैदू मुख्यतः पाण्यात व लहान मांसभक्षकांवर, आणि फासेपारधी फाशांनी हरणांवर व पक्ष्यांवर, अशी शिकारीची वाटणी त्यांना दिसली. फासात गाभण हरिणी किंवा पाडस सापडले तर ते सोडून देण्याची पारध्यांची रीतही त्यांनी नोंदवली. जिवंत धरणाऱ्या फासालाच अशी निवड शक्य असते. गोळीला ती नाही.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात तितर चौथ्या अनुसूचीत, म्हणजे ‘लहान शिकारी’च्या यादीत होता आणि परवान्याने मारता येत होता; १९९१ च्या दुरुस्तीने ती वाटही बंद झाली. जिल्ह्यातील बोर अभयारण्य १९७० सालचे आहे आणि २०१४ मध्ये त्याला व्याघ्र प्रकल्पाचा दर्जा मिळाला, मात्र तितराचे मुख्य घर असलेली झुडपे व धुरे बहुतांशी अशा कुंपणाबाहेर आहेत. पक्षिगणनेसाठी आज ध्वनिमुद्रित साद वाजवून उत्तर देणाऱ्या नरांची संख्या मोजली जाते; त्या यंत्राचे काम पूर्वी पिंजऱ्यातला नर करीत होता, आणि कोणत्या धुऱ्यावरून कोणता नर उत्तर देईल हे त्याच्या धन्याला पाठ होते.