बंदूक, जाळे आणि कॅमेरा : दिल्लीच्या पाणपक्ष्यांची छायाचित्रे इतिहासाचे साधन म्हणून

नवी दिल्लीतील कस्तुरबा गांधी मार्ग मराठी माणसाला अलीकडे माहीत झाला तो नव्या महाराष्ट्र सदनामुळे. 2013 साली उघडलेली ही इमारत याच रस्त्यावर आहे. जुन्या दिल्लीकरांच्या तोंडी मात्र अजूनही कधीमधी ‘कर्झन रोड’ हे नाव येते, कारण रस्त्याचे पहिले नाव तेच होते. लॉर्ड कर्झन 1899 ते 1905 या काळात व्हाइसरॉय होते. त्या वेळी राजधानी कलकत्त्याला होती आणि नवी दिल्ली अस्तित्वातच नव्हती. दिल्ली परिसरातील पाणपक्ष्यांच्या इतिहासात मात्र कर्झन यांची एक नोंद दगडावर कोरलेली आहे, आणि आपण सुरुवात तिथूनच करणार आहोत.

दिल्लीच्या दक्षिणेला सुमारे 180 किलोमीटरवर भरतपूरचे केवलादेव सरोवर आहे. हे पाणथळ निव्वळ नैसर्गिक नाही. अठराव्या शतकात महाराजा सूरजमल यांच्या काळात अजान बांध घातला गेला आणि सखल भागात पाणी साठू लागले. पुढे भरतपूरच्या राजघराण्याने त्याचे बदकांच्या शिकारीचे राखीव क्षेत्र केले. तेथील मंदिराजवळ मोठ्या शिकारींची यादी दगडावर कोरलेली आहे. यादीची सुरुवात 1 डिसेंबर 1902 रोजी होते: व्हाइसरॉय कर्झन यांची भेट, 17 बंदुका, 540 पक्षी. 12 नोव्हेंबर 1938 रोजी लॉर्ड लिनलिथगो यांच्या भेटीत 39 बंदुकांनी एका दिवसात 4273 पक्षी मारले. भागाकार केला तर 1902 मध्ये एका बंदुकीमागे सुमारे 32 पक्षी पडतात आणि 1938 मध्ये सुमारे 110. म्हणजे केवळ शिकारी वाढले म्हणून आकडा वाढला असे म्हणता येत नाही.

इतिहासाच्या विद्यार्थ्याने या यादीला विचारायचा प्रश्न वेगळाच आहे: तिच्यात काय नाही? मारलेल्या बदकांत तलवार बदके किती, थापट्या किती, चक्रवाक किती, हे त्या यादीत नाही. पाण्यात उतरून पक्षी उठवणारे आणि मेलेले पक्षी गोळा करणारे गावकरी कोण होते, तेही नाही. आकडा आहे, पाहुण्याचे नाव आहे, तारीख आहे. हे विजयाचे स्मारक आहे, आणि त्या काळातील पक्ष्यांबद्दल आपल्याकडे जी थोडी साधने आहेत त्यांपैकी एकही आहे. शिकारीनंतर पक्ष्यांच्या राशीसमोर उभे राहून फोटो काढून घेण्याचीही पद्धत होती. तेव्हा ‘पूर्वी बंदूक होती, नंतर कॅमेरा आला’ ही लोकप्रिय मांडणी मला अर्धीच खरी वाटते. कॅमेरा आधीपासूनच बंदुकीच्या शेजारी उभा होता.

भाषेतही हे नाते उघड आहे. ‘स्नॅपशॉट’ हा इंग्रजी शब्द मूळचा शिकारीतला. नेम न धरता झटकन झाडलेली गोळी, असा त्याचा अर्थ. छायाचित्रणासाठी तो 1860 मध्ये जॉन हर्शेल यांनी वापरला. आज लग्नाच्या आधी जोडपी ‘शूट’ला जातात, तेव्हा त्यात बारूद कुणाला आठवत नाही! यंत्राच्या बाबतीत तर हे नाते शब्दशः खरे आहे. फ्रेंच शरीरक्रियाशास्त्रज्ञ एत्येन-ज्यूल मारे यांनी 1882 मध्ये ‘छायाचित्रण बंदूक’ तयार केली. तिला दस्ता होता, चाप होता आणि नळीच्या जागी भिंग. उडणाऱ्या पक्ष्यावर नेम धरून चाप ओढला की ती सेकंदाला 12 चित्रे घेत असे आणि प्रत्येक चित्राला सेकंदाचा 720 वा भाग एवढाच वेळ प्रकाश मिळे. मारे यांना शिकार करायची नव्हती. पंख कसे हलतात, हे त्यांना मोजायचे होते.

अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांसाठी येथे एक छोटे गणित. उडणाऱ्या बदकाचा वेग सेकंदाला 18 मीटर, म्हणजे ताशी सुमारे 65 किलोमीटर धरा. कॅमेऱ्याचे झाकण सेकंदाचा 25 वा भाग उघडे राहिले, तर तेवढ्यात बदक 72 सेंटिमीटर पुढे जाते, आणि काचेवर एक करडा पट्टा उमटतो. झाकण सेकंदाच्या हजाराव्या भागापुरते उघडले तर ते 1.8 सेंटिमीटरच सरकते आणि चोच, डोळा, पंखाची पट्टी ओळखू येते. पण एवढ्या कमी वेळात चित्र उमटायचे तर रसायनाचा लेप फार संवेदनशील हवा, किंवा भिंग फार मोठे हवे. लांबचा पक्षी जवळ आणणारे भिंग तर प्रकाश आणखी कमी देते. त्यामुळे सुरुवातीच्या पक्षी छायाचित्रकारांना जागेवर बसणारा, पुन्हा पुन्हा त्याच ठिकाणी येणारा पक्षी हवा होता. असा पक्षी घरट्यावर सापडतो.

म्हणूनच इंग्लंडमध्ये कीर्टन बंधूंनी 1895 मध्ये छायाचित्रांनी सजवलेले जे पुस्तक काढले, ते पक्ष्यांच्या घरट्यांवरचे होते. जवळ जाण्यासाठी त्यांनी बैलाच्या कातड्याचा पोकळ बैल करून त्यात कॅमेरा लपवला होता. भारतात रेल्वेत नोकरी करणारे ई. एच. एन. लोथर यांनी वर्षानुवर्षे लपणात बसून घरट्यांवरचे पक्षी टिपले. त्यांचे पुस्तक 1949 मध्ये आले. लपण ही युक्तीही शिकाऱ्यांचीच.

आता याचा परिणाम पाहा. बगळे, करकोचे, पाणकावळे आपल्याकडे घरटी करतात, म्हणून त्यांची जुनी छायाचित्रे मिळतात. हिवाळी बदके घरटी करतात मध्य आशियात आणि सायबेरियात. आपल्याकडे ती नोव्हेंबर ते मार्च पाण्याच्या मधोमध, माणसापासून अंतर राखून बसतात. त्यांना टिपणे त्या काळच्या कॅमेऱ्याला जवळपास अशक्य होते. परिणामी त्याच तळ्यावरच्या करकोच्याचा इतिहास आपण छायाचित्रांतून वाचतो आणि बदकांचा शिकारीच्या वह्यांतून. साधनांमधली ही दरी कुणी ठरवून पाडलेली नाही, ती भिंग आणि रसायन यांच्या मर्यादेतून पडली. जुन्या संग्रहात एखादा पक्षी दिसत नाही म्हणून तो त्या काळी नव्हता, असा निष्कर्ष काढताना हे लक्षात ठेवले पाहिजे.

या दरीत एक जात कायमची हरवली. गुलाबी डोक्याचे बदक पूर्व भारतातील दलदलींत राहत असे. जंगलातील त्याची शेवटची सर्वमान्य नोंद 1935 ची, दरभंगा भागातील, आणि ती गोळी घातलेल्या पक्ष्याची आहे. त्याची छायाचित्रे आहेत, पण ती इंग्लंडमध्ये सरे परगण्यातील फॉक्सवॉरन पार्कमध्ये पाळलेल्या पक्ष्यांची. स्वतःच्या दलदलीत पोहणाऱ्या या बदकाचे एकही खात्रीचे छायाचित्र उपलब्ध नाही. ते कोणत्या गवतात शिरत असे, कोणत्या पक्ष्यांबरोबर बसत असे, हे पाहण्याची सोय आपल्याला राहिलेली नाही.

बंदूक आणि कॅमेरा यांच्या चर्चेत जाळे सहसा विसरले जाते. बिहारमधील मीरशिकार हे पिढ्यान्‌पिढ्या पक्षी पकडणारे लोक. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने सालिम अली यांच्या मार्गदर्शनाखाली भरतपूरला पक्ष्यांच्या पायात कडी घालण्याचे काम केले, तेव्हा पक्षी जिवंत आणि इजा न करता पकडण्याचे कौशल्य याच लोकांकडे होते. अशा कड्यांमुळेच येथील बदके कोणत्या देशात परततात, ते कळत गेले. छायाचित्रकाराचे नाव चित्राखाली छापले जाते. जाळे लावणाऱ्याचे नाव शोधावे लागते.

दिल्ली शहरात पक्षी पाहण्याला संघटित रूप आले 1950 मध्ये. गांधीजींचे क्वेकर मित्र हॉरेस अलेक्झांडर यांच्या पुढाकाराने दिल्ली बर्ड वॉचिंग सोसायटी स्थापन झाली. इंदिरा गांधीही तिच्या सदस्य होत्या. या मंडळींचे मुख्य हत्यार दुर्बीण आणि वही. त्या नोंदींच्या परंपरेतूनच उषा गांगुली यांचे दिल्ली परिसरातील पक्ष्यांवरचे पुस्तक घडले आणि 1975 मध्ये प्रसिद्ध झाले. मधल्या काळात, 1972 मध्ये, इंदिरा गांधी पंतप्रधान असताना वन्यजीव संरक्षण कायदा झाला. केवलादेव 1981 मध्ये रामसर यादीत आणि 1985 मध्ये जागतिक वारसा यादीत गेले.

केवलादेवची पुढची हकीकत छायाचित्रांच्या अभ्यासकाने जरूर वाचावी. 1982 मध्ये राष्ट्रीय उद्यान झाल्यावर तेथे म्हशी चारायला बंदी आली. गावकऱ्यांनी विरोध केला, गोळीबार झाला आणि माणसे मेली. पुढे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या दीर्घ अभ्यासातून दिसले की, म्हशी गेल्यावर पाण्यातील गवत बेसुमार माजले आणि पाणपक्ष्यांना मोकळे पाणी कमी पडू लागले. सुंदर चित्रासाठी छायाचित्रकार म्हैस चौकटीबाहेर ठेवतो. पण त्या तळ्याचा इतिहास समजून घ्यायचा असेल, तर ज्या जुन्या फोटोत चुकून म्हैस आली आहे, तो जास्त मोलाचा. सायबेरियन क्रौंच पक्षी तेथे 2002 नंतर दिसलेला नाही. त्याच्या छायाचित्रांत पायाखालचे पाणी किती खोल आहे, भोवती कोणते गवत आहे, हे आज पुन्हा पाहता येते. गुलाबी डोक्याच्या बदकाबाबत ही सोय नव्हती.

आता पुन्हा शहरात येऊ. कस्तुरबा गांधी मार्गापासून थोड्याच अंतरावर, पुराना किल्ल्याच्या शेजारी, 1959 मध्ये उघडलेले प्राणिसंग्रहालय आहे. त्याच्या तळ्यांतील बेटांवरच्या झाडांवर रंगीत करकोचे 1960 पासून स्वतःहून येऊन घरटी करू लागले. हे पक्षी पिंजऱ्यातले नाहीत. पावसाळ्याच्या अखेरीस येतात, पिल्ले वाढवतात आणि जातात. अनेक प्रेक्षक त्यांना संग्रहालयाचेच समजून फोटो काढतात. उलट, बागेतल्या तळ्यावर ज्यांना आपण कौतुकाने ‘हंस’ म्हणतो, ते पांढरे पक्षी बहुधा पाळीव कलहंस असतात. खरे जंगली हंस वायव्य भारतात क्वचितच भरकटत येतात. शहराच्या दुसऱ्या टोकाला ओखला येथे यमुनेवर बांध पडल्याने जे पाणी साचले, तेथे बदके आली आणि 1990 मध्ये पक्षी अभयारण्य जाहीर झाले. नाशिक जिल्ह्यातील नांदूर मधमेश्वर हेही असेच, सिंचनासाठी अडवलेल्या पाण्याचे पाणथळ.

अंकीय कॅमेऱ्याने जुनी तांत्रिक अडचण संपवली. विद्यार्थीसुद्धा आज सेकंदाच्या दोन हजाराव्या भागात उडते बदक टिपू शकतो. शिवाय प्रत्येक चित्राबरोबर तारीख, वेळ आणि कधी कधी ठिकाणही फाइलमध्ये नोंदले जाते (कॅमेऱ्याचे घड्याळ बरोबर लावलेले असेल तर!). मंगोलियात मानेला क्रमांकाचा पट्टा बांधलेले पट्टकादंब भारतातील तळ्यांवर छायाचित्रांतून ओळखले गेले आहेत, आणि पक्ष्याला हातही न लावता. जे काम पूर्वी जाळ्याने दोनदा पकडून करावे लागे, ते दुसऱ्या खेपेला भिंगाने होते. 2002 मध्ये सुरू झालेल्या ईबर्डसारख्या नोंदकोशात दुर्मीळ पक्ष्याची नोंद तपासताना छायाचित्र हा सर्वांत सोयीचा पुरावा ठरतो.

पण शिकारीची सवय कॅमेऱ्यातून पूर्ण गेलेली नाही. पंख पसरलेले चित्र हवे म्हणून खडा मारून थवा उठवणारे लोक तळ्यावर भेटतात. लांबून उडत आलेल्या पक्ष्याला प्रत्येक अशी झेप साठवलेल्या चरबीतून भागवावी लागते. किती जाती ‘मिळाल्या’, याची मोजणी तर केवलादेवच्या दगडाचीच आठवण करून देते.

हिवाळ्यात यमुना घाटावर पहाटे धुक्यात शेकडो कुरव येतात. नावाडी आणि हौशी लोक त्यांना शेव फेकतात, पक्षी झेपावतात आणि कॅमेरे कडाडतात. हे फोटो सर्वत्र फिरतात, बहुतेक वेळा तारखेशिवाय, आणि कुरवांच्या दोन जाती, तपकिरी डोक्याचा आणि काळ्या डोक्याचा, एकाच नावाखाली. हिवाळ्यात दोघांचीही डोकी पांढरट झालेली असतात, त्यामुळे नुसत्या नावावरून काहीच कळत नाही. डोळ्याचा रंग आणि पंखाच्या टोकाची काळी-पांढरी नक्षी पाहावी लागते. मूळ फाइल जपली असेल तर ही नक्षी आणि तारीख दोन्ही मिळतात. फिरत फिरत आलेल्या, कापून लहान केलेल्या प्रतीत यांपैकी काहीच उरत नाही.